चिखलाच्या वर बांधलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पायपट्टी आहे. माझे सूत भरपूर पीळ देऊन वळलेले. ओढले की मी लांबते, सोडले की आखडते. या गुणाचा मला फार गर्व होता.

नागपूरहून मी मूल गावच्या एका दवाखान्यात आले, तेव्हा धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली होती. तिथे रंभा आली. रोवणीच्या बायांत ती सगळ्यांच्या पुढे असायची. तिच्या पोटरीवर निळ्या शिरांचे बारीक जाळे होते आणि एक जाड शीर टरारून फुगली होती.

"डॉक्टरसाहेब, कोनं करनी त नाई केली?" तिने भीत भीत विचारले.

"करणी नाही, बाई. शिरांत लहान झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. त्या ढिल्या झाल्या की रक्त पायातच साचतं. दिवसभर उभं राहून, बाळंतपणांनी हे होतं, आईबापांकडूनही येतं. बारीक जाळ्याला भिऊ नका, ते सुईच्या औषधानं सुकवता येतं. जाड शीर मात्र नागपूरला शस्त्रक्रिया करून काढावी लागेल. तोवर सकाळी उठण्याआधी ही पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत बांधा. दुपारी पाय उंच ठेवून पडा."

पण अशी नवीकोरी वस्तू चिखलात कशी घालायची? रंभाचे मन धजेना. बांधीत, म्हणजे धानाच्या पाणी भरलेल्या शेतात, उतरताना तिने मला चिखलाच्या वर, गुडघ्याखाली, वेढ्यावर वेढा देऊन घट्ट बांधले. आवळणे हा माझा स्वभाव, मी आवळत राहिले. खालचा पाय सुजत गेला.

एका सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढताना काडी लागली आणि ती फुगलेली शीर फुटली. रक्ताची धार लागली. मी घाबरले, पण सुटणार कशी? तिची सासू देवकाबाई धावत आली. तिने रंभाला धुऱ्यावर आडवे केले, मला सोडले, तिचा पाय आपल्या खांद्यावर घेतला आणि जखम तळहाताने दाबून धरली. रक्त थांबले.

रंभाने पडल्या पडल्या विचारले, "आत्या, पाय वर घ्याचा, हे तुमाले कोनं सांगतलं?"

देवकाबाईने आपले लुगडे थोडे वर घेतले. घोटा काळा पडला होता आणि एका जुन्या जखमेला चिंधी बांधली होती.

"कोन सांगन वं? माही बी अशीच फुटली होती. एकटीच होती मी बांधीत."

त्याच दिवशी खाचरातून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, दोघी मूलला गेल्या. चिखल लागू नये म्हणून मला वर बांधले होते, हे रंभाने सांगितले तेव्हा डॉक्टरांनी मला हातात घेतले.

"अहो, ही धुतली की पुन्हा आखडते. पाय धुऊन नवा होतो का?"

त्यांनी देवकाबाईची जखम साफ केली आणि मला तिच्या पायावर बोटांपासून वर बांधले. रंभासाठी दुसरी पट्टी काढली. धानाची कापणी झाल्यावर रंभाची ती शीर नागपूरला काढली. देवकाबाईची जखम फार उशिरा भरली. तोवर रोज चिखल, रोज धुणे, यात माझा सारा पीळ गेला. आता मी सैल पडले आहे. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्टीला जपून ठेवू नका, झिजवा. आणि आज घरी गेल्यावर आईला, आजीला पाय दाखवायला सांगा. दुखत असले तरी त्या आपणहून सांगणार नाहीत.