मार्लिसची मर्जी

भत्ता मिळणार याबद्दल मार्लिस टॉलेफसनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती तिच्या नवऱ्याला, डुएनला. बेकारी भत्त्याची सुनावणी फोनवर होणार होती. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली होती, आणि डुएनचा कॉफीचा तिसरा कप चालू होता.

"तिथे गोड बोलत बसू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या गोड बोलण्यानंच घात केलाय."

"काही घात झालेला नाही. खरं ते सांगायचं, संपलं."

डुएनचं चुकीचं नव्हतं म्हणा. विस्कॉन्सिनच्या त्या भागातली माणसंच तशी. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतील, आणि वर 'फारसं लागलं नाही हं' असं हसून सांगतील. मार्लिस त्यातलीच. चीज पॅक करण्याच्या कारखान्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. कंपनीने तिची कामाची पाळी बंद केली आणि दुसऱ्या गावच्या कारखान्यात रात्रपाळी देऊ केली. ते गाव अडीच तासांवर, आणि हिवाळ्यात रस्ता निम्मा वेळ बर्फाखाली. त्यात डुएनची नजर अधू झाल्यापासून घरात गाडी चालवणारी ती एकटीच. तिने बदली नाकारली.

इथवर सगळं ठीक होतं. पण शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांसाठी घरून लिंबाच्या वड्या करून नेल्या. जिची नोकरी गेली तिनेच खाऊ न्यायचा, अशी तिकडची रीत! तिचा सुपरवायझर रॉजर कुबियाक तो ट्रे बघूनच सगळ्यांदेखत रडायला लागला. मग काय, मार्लिसने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "अरे वेड्या, तुझी काय चूक? मी माझ्या मर्जीने चाललेय. सुटले एकदाची!"

कंपनीने हेच वाक्य उचलून सरकारी कचेरीत कळवलं. कचेरीने निकाल दिला की बाईंनी नोकरी स्वखुशीने सोडली, भत्ता नाही. मार्लिसने अपील केलं.

फोन वाजला. न्यायाधीश बाईंनी सगळ्यांना शपथ दिली. कंपनीकडून मुख्य कचेरीतल्या प्रेंटिस मॅडम होत्या आणि साक्षीला रॉजर.

"आम्ही काम दिलं होतं," प्रेंटिस मॅडम म्हणाल्या. "त्यांनी ते नाकारलं, आणि मर्जीने जातेय असं सगळ्यांसमोर सांगितलं."

"असं म्हणालात तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्हणाले," मार्लिस म्हणाली. डुएनने कपाळाला हात लावला.

"साक्षीदाराला काही विचारायचंय?"

"हो. रॉजर, बरा आहेस ना?"

"बरा आहे. तू?"

"मी मजेत. पाठ कशी आहे तुझी?"

डुएनने टेबलाखालून लाथ मारली. मार्लिसने घसा साफ केला.

"मी ते म्हणाले तेव्हा तू काय करत होतास?"

"मी... रडत होतो."

"मग मी तसं का म्हणाले असेन?"

"हा निव्वळ अंदाज होईल," प्रेंटिस मॅडम मध्येच बोलल्या.

"उत्तर द्या, मिस्टर कुबियाक," न्यायाधीश म्हणाल्या.

रॉजरला ज्यांच्याविरुद्ध बोलायचं होतं त्या मॅडम त्याच फोनवर होत्या. मार्लिसला त्याची दया आली, पण तिने ती गिळली.

"मी गप्प व्हावं म्हणून," तो शेवटी म्हणाला. "तिला जायचं नव्हतं. तिने मला दोनदा विचारलं, इथेच दुसरं काही काम मिळेल का. झाडलोटीचंसुद्धा चालेल म्हणाली. मी नाही म्हणालो. तसं वरून सांगितलं होतं."

"तुम्हाला आणखी काही सांगायचंय, मिसेस टॉलेफसन?"

"हो. मला राग आला होता आणि अजून आहे. मी नोकरी सोडली नाही. माझी नोकरी त्यांनी अडीच तास लांब नेऊन ठेवली." तिचा आवाज जराही हलला नाही. डुएन तिच्याकडे नव्यानेच बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात निकाल टपालाने आला. भत्ता मंजूर झाला होता. मार्लिस म्हणाली, "सांगितलं होतं ना?" आणि डुएनने मान्य केलं, जे तो सहसा करत नाही.

संध्याकाळी रॉजरचा फोन आला.

"मार्लिस, आता सगळा कारखानाच बंद होतोय. मलाही तिकडे जायला सांगितलंय. रात्रपाळीवर."

"जाणार आहेस?"

"छे! कसा जाणार? पण प्रेंटिस मॅडम इतक्या अवघडून बोलत होत्या... त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हणणार आहे, की तसंही मला जरा विश्रांतीच हवी होती."

"रॉजर," मार्लिस म्हणाली, "वाटू दे त्यांना वाईट."