मी मास्तरांचा तोबरा

मी एक मुखवटा बोलतोय. नाटकातला नव्हे. विषारी हवेत उतरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चढवतात, तो. काळं रबर, समोर काच, डोक्यामागे आवळायचे चार पट्टे आणि दोन्ही गालांवर दोन डबे. डब्यांत कोळशाचे बारीक दाणे असतात. बाहेरची हवा आत येताना ते तिच्यातलं विष धरून ठेवतात. पण कोळशालाही पोट असतं. ते भरलं की भरलं. आणि भरलेला डबा बाहेरून अगदी नव्यासारखाच दिसतो. मी आयुष्यभर घाबरत आलो, तो यामुळेच.

साच्यातून निघालो तेव्हा तपासणीला बसलेल्या बाईने मला स्वतःच्या तोंडाला लावलं, डब्यांची भोकं तळव्यांनी दाबली आणि श्वास ओढला. मी तिच्या गालांना घट्ट चिकटलो. “हा सोडत नाही गं,” ती शेजारणीला हसत म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मग एका नगरपालिकेने आमची वीस जणांची खरेदी केली. कुठेतरी आग लागली होती, वर्तमानपत्रात ओरड झाली होती, म्हणून. ओरड थांबली आणि आम्ही कपाटात गेलो. वर जुन्या मतपेट्या, खाली फिनेलचे कॅन. तिथे सहा वर्षं गेली. कुणी दार उघडलं तरी माझ्या रबराला कापरं भरायचं. मला बाहेर काढतील तो दिवस कुणासाठी तरी वाईट असणार, एवढं मला कळत होतं.

तो दिवस आला. शहराच्या कडेला दगडाची एक जुनी खाण होती. बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्याने तिथे शेकडो पिंपं पुरली. रंग पातळ करायचा द्रव, धातू धुतलेलं पाणी, टाक्यांच्या तळाचा काळा गाळ. पुढे कारखाना बंद पडला, मालक निघून गेले. पिंपं राहिली आणि गंजली. खालच्या आळीतल्या विहिरींवर तेलाचा तवंग दिसू लागला. आळीतली माणसं बाटल्यांमधून ते पाणी घेऊन नगरपालिकेवर आली.

सभा भरली तेव्हा नगरपालिकेच्या अभियंता बाईंनी मला थेट टेबलावर नेऊन ठेवलं. तरुण, बारीक चणीच्या, बोलताना चष्मा सतत वर ढकलणाऱ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

“हे सोंग कशाला?” एक नगरसेवक म्हणाले. “तोंडाला रुमाल बांधला की झालं.”

“साहेब, रुमाल बांधून तुम्ही उतराल का?”

सभागृहात हशा पिकला. नगराध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिवळा पडलेला एक कागद वर धरला. “ही पिंपं पुरायला परवानगी कुणी दिली ते बघा. शिक्का आपलाच आहे. कारखानदार गेला म्हणून आपण कानावर हात ठेवायचे का? काम नगरपालिका करेल. मॅडम, तुम्ही सांगाल तसं.”

अशा रीतीने मी मास्तरांच्या चेहऱ्यावर आलो.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. तीस वर्षं गटारांच्या कामावर होते. रोज सकाळी टोळीला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाचताना बातमीपेक्षा स्वतःचंच जास्त सांगायचे, म्हणून मास्तर. मला पहिल्यांदा बघून ते म्हणाले, “अरे वा, हा तर घोड्याचा तोबरा!” तेच नाव मला चिकटलं.

खाणीत त्यांची गरज मोठी होती. कारखान्याने पिंपं ठेवली तेव्हा वरून माती ओढणारी टोळी नगरपालिकेचीच होती, आणि त्या टोळीतले आता फक्त मास्तर उरले होते. कोणता खड्डा कुठे, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नकाशा नव्हताच.

काम सुरू झालं त्या दिवशी फाटकापाशी त्यांची धाकटी बहीण उभी होती. ती खालच्या आळीत राहायची.

“दादा, माती तूच टाकली होतीस ना रे?”

“मला काय माहीत होतं, आत काय आहे ते?”

“विचारलं होतंस कुणाला?”

मास्तरांनी मला चढवलं आणि पट्टे जरुरीपेक्षा जास्त आवळले.

माझ्या आत बोललेलं बाहेर कुणाला नीट ऐकू जात नाही. हे कळल्यावर मास्तर माझ्याशी बोलू लागले. खड्ड्यात उतरताना ते पावलं मोजायचे, स्वतःला शिव्या द्यायचे, बहिणीला द्यायची राहिलेली उत्तरं द्यायचे. तिसऱ्या दिवशी ते पुटपुटले, “तोबऱ्या, एक सांगतो, कुठे बोलू नकोस. मला वासच येत नाही रे. गटारांनी नाक कधीच खाल्लंय.”

माझा कोळसा थंड पडला म्हणा ना.

कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं: डबे दर चार तासांनी बदलायचे, आणि मध्येच आत वास आला तर काम टाकून बाहेर पळायचं. वास हीच शेवटची सूचना. त्यांनी सगळ्यांची नाकंही तपासली होती. केळ्यासारखा वास येणारं एक तेल कापसावर घेऊन त्या एकेकाच्या नाकाशी धरत होत्या. मास्तर रांगेत सातवे होते. आधीच्या सहा जणांचं ऐकून तेही ऐटीत “केळं!” म्हणाले होते. खरं सांगितलं असतं तर त्यांना फाटकावर बसवलं असतं. मग खड्डे कुणी दाखवले असते?

त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक श्वास मी धसक्याने मोजत राहिलो. ते आत ओढत, मी गाळत असे. एक, दोन, शंभर, हजार. माझा एखादा दाणा चुकला तर या माणसाला पत्ताही लागणार नव्हता.

आणि एका दुपारी नवे डबे आलेच नाहीत. गाडी कुठेतरी अडकली होती. चार तास होत आले होते.

“शेवटचाच खड्डा आहे,” मुकादम म्हणाला. “अर्धा तास ताणू. कुणाला वास येतोय का?”

“नाही,” टोळी म्हणाली. मॅडम तेव्हा फोनवर गाडीवाल्याशी भांडत होत्या.

मास्तरांनी बोट दाखवलं तिथे यंत्राने माती उकरली. एक पिंप वर आलं, हवेत वाकलं आणि बुडाकडून फाटलं. लालसर द्रव फसफसत सगळीकडे पसरला. दोन-तीन मिनिटं मी तग धरला. माझ्या दाण्यादाण्यात तो भरत गेला, आणि मग जागाच उरली नाही. विषाची एक बारीक रेघ माझ्यातून पार झाली. मला थांबवता आली नाही. ती सरळ मास्तरांच्या नाकात गेली.

“आला, वास आला!” कुणीतरी ओरडलं. सगळी टोळी कडेकडे पळाली. मास्तर जागेवरच उभे होते.

“पळता कसले?” ते माझ्या आत म्हणाले. “दोन पिंपं राहिलीत अजून. ह्या कोपऱ्यात. मीच... मीच माती...”

त्यांची जीभ जड झाली होती. माझ्या काचेवर वाफ धरली. श्वास आखूड होत गेले. मला ओरडायचं होतं. पण ज्याला स्वतःचं तोंड नाही, तो ओरडणार कसा? एरवी माझं घट्ट चिकटणं हाच माझा गुण. त्या क्षणी मला वाटलं, मी सुटून पडावं, फाटावं, काहीही व्हावं, म्हणजे कुणाचं तरी लक्ष जाईल.

लक्ष मॅडमचं गेलं. “मास्तर, बाहेर या! वास येत नाहीये का?”

मास्तरांनी हात हलवला. येतोय, येतोय, असा.

वास येत असूनही माणूस हलत नाही? मॅडम क्षणभर थबकल्या, मग स्वतःचा मुखवटा चढवून धावत खाली उतरल्या. त्यांनी मास्तरांच्या काखेत हात घातला. बारीक चणीची ती बाई एवढ्या दांडग्या माणसाला ओढत होती. मुकादमही मागून आला.

वर आणल्यावर मला काढून मातीवर टाकलं. तिथून मला सगळं दिसत होतं. मास्तरांचे ओठ निळसर झाले होते. मॅडमनी प्रथमोपचाराच्या पेटीतला स्पिरिटचा बोळा त्यांच्या नाकाशी धरला. “कसला वास येतोय?”

मास्तरांनी बोळा हाताने बाजूला सारला. मग म्हणाले, “मॅडम, मी खोटं बोललो.”

बहीण फाटकावरच्या रखवालदाराला ढकलून आत आली होती. दादाचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

मुकादम मान खाली घालून म्हणाला, “अर्धाच तास म्हणालो होतो.”

“काम बंद,” मॅडम म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

नगराध्यक्षबाई तासाभरात आल्या. पावसाच्या आत काम उरकायचं होतं, तारखा दिल्या होत्या, सगळं खरं. तरी त्यांनी मॅडमच्या शब्दावर सही केली. अकरा दिवस खाण ताडपत्रीखाली झाकून ठेवली. सगळ्यांची रक्ततपासणी झाली, डब्यांचा साठा आला. पुन्हा काम सुरू झालं तेव्हा डबे बदलायला मॅडमनी घड्याळ घेऊन एक माणूसच बसवला. तीन तास झाले की घंटा. वासाबिसाची वाट बघायची नाही.

मास्तर आठवडाभर दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, यकृताला धक्का बसलाय, वर्षभर जपावं लागेल, पुढचं आत्ता सांगता येणार नाही. ते परत आले ते खुर्चीवर, फाटकाबाहेर. काठीने तिथूनच दाखवायचे, बहीण त्यांचा निरोप आत पोचवायची. ती दोन पिंपं त्यांनी सांगितलेल्या कोपऱ्यातच सापडली.

काल शेवटचा ट्रक भरायला घेतला. त्या दिवशीचं विष माझ्या रबरात मुरलंय, धुऊन निघणार नाही. म्हणून मीही आता पिंपांसारखाच घातक कचरा. दूर कुठल्याशा भट्टीत जाळणार आहेत. मला जाडजूड पिशवीत घातलं होतं. हमालाने ती उचलली, उघडली आणि मला बाहेर काढलं.

“चांगला आहे की अजून! माझा भाऊ गाड्यांना रंग मारतो, त्याला होईल.”

मला आगीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याने मला बगलेत मारलं तेव्हा जी भीती वाटली, तिच्यापुढे आग काहीच नाही. एक अनोळखी भाऊ माझ्यावर विश्वास ठेवून श्वास ओढेल, आणि मी त्याला काय देईन?

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी कात्री मागवली आणि माझे चारही पट्टे एकेक करून कापले. “आता कुणालाच होणार नाही,” म्हणत त्यांनी मला परत पिशवीत टाकलं.

वाचकहो, जाता जाता एवढंच मागतो. माझ्यासारखा कुणी तुमच्या माणसाच्या तोंडावर असेल, तर त्याच्या नव्या दिसण्यावर जाऊ नका. किती तास झाले ते विचारा.

ट्रक सुरू झालाय. पिशवीत अंधार आहे आणि मी घाबरलोय. पण माझ्या आत आता कुणी श्वास घेत नाहीये.