खळ्याबाहेरचा बूट

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावाही इथेच आहे, पण तो पहिल्यापासून घुमा, म्हणून दोघांची हकिकत मलाच सांगावी लागते.

जालंधरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी नाशिकच्या एका महिला महाविद्यालयात आलो. खेळ शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमनी आम्हाला गोलकीपर ज्योत्स्नाच्या हाती दिलं, तेव्हा मी मनातून फुगलो होतो. पण ही सुरगाण्याची मुलगी गोलापाशी आली की आम्हाला काढून खांबाला टेकवून ठेवायची आणि अनवाणी उभी राहायची. गावाकडे भाताची मळणी झाली की रिकाम्या खळ्यातच ती फुटबॉल शिकली होती. खळ्यात पायताण घालून जाणं तिच्या घरी पाप. गोलापुढची तुडवून गुळगुळीत झालेली जमीन तिला खळ्यासारखीच वाटे. मला राग यायचा, पण तिचा खेळ बघताना तो टिकायचा नाही. चेंडू कुठेही जावो, ही तिथे आधीच हजर.

१९९८ च्या फेब्रुवारीत हंगामातली शेवटची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली. आधीच्या सामन्यांत पंचांनी काणाडोळा केला. अंतिम सामन्याचे पंच मात्र कडक निघाले.

"बूट नाहीत तर खेळता येणार नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे दुसरी गोलकीपर नव्हती. ज्योत्स्नाने आम्हाला पायात घातलं, पण गोलापाशी येऊन ती थबकली. "मॅडम, पाय पुढं जातच नाय," ती म्हणाली. महाविद्यालयातलं तिचं हे शेवटचं वर्ष. हाताशी आलेला चषक जाणार असं दिसत होतं. मॅडमनी समजावलं, मैत्रिणी विनवण्या करून थकल्या.

मग तिची आई, भागीबाई, पुढे आली. ती दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला आली होती, तिथून लेकीचा खेळ पाहायला मुद्दाम आलेली. तिने गोलातली माती हातात घेऊन पाहिली.

"ज्योत्स्ना, खळ्यात आपण काय करतो?"

"भात आणतो."

"आणि इथं?"

"इथं काय आत येऊच द्यायचं नाय."

"मंग हे खळं कसं गं? चल, जा आत."

सगळे हसले, ज्योत्स्नाही हसली, आणि आम्ही पहिल्यांदाच गोलात शिरलो.

काय खेळली म्हणून सांगू! उत्तरार्धात आमच्या संघाने एक गोल केला. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. ज्योत्स्ना डावीकडे झेपावली आणि चेंडू मधून आला. मागे राहिलेला उजवा पाय तिने कसाबसा उचलला. चेंडू माझ्या नाकावर आदळून बाहेर गेला. माझी शिवण उसवली, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

सामना संपताच तिने आम्हाला काढलं आणि ती मैत्रिणींकडे धावली. भागीबाई आमच्याजवळ येऊन बसली. तिने मला मांडीवर घेतलं आणि पदराने पुसलं.

"लेकीची लाज राखली रं तुम्ही," ती हळूच म्हणाली.

पुढे कित्येक मुलींनी मला घातलं आणि चिखलासकट पोत्यात कोंबलं. कातडं आता कडक झालंय, शिवण उसवलेलीच आहे. चषक काचेच्या कपाटात चकाकतो, त्याला रोज पुसतात. मला त्या पदरानंतर कुणी पुसलेलं नाही.

मित्रांनो, खेळून आलात की आधी आपले बूट पुसा. जिंकलात तर पुसालच, पण हरलात तरी पुसा. तेही तुमच्याइतकेच पळालेले असतात.