वाकड्या कुरडया

गहू भिजत घाला. पाणी रोज बदला.

शांताक्कानं गहू भिजत घातला तेव्हा सास्तूरची निम्मी दुकानं बंद झाली होती. निजामाचं राज्य जाणार की राहणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदुका घेतलेली एक टोळी शेजारच्या गावातून व्यापाऱ्यांना धरून घेऊन गेली होती. बायकापोरं गाड्यांत बसून हद्दीपलीकडं, सोलापूरला, निघाली होती.

तिचा नवरा महालिंगप्पा दुकानातून आला आणि पातेल्यात डोकावला.

"गाडी सांगितलीय बिराप्पाला. आन तू गहू भिजवलास?"

"भिजलेला गहू टाकून जात नसतेत."

"म्हणूनच भिजवलास."

"व्हय."

तो दुकान सोडून येणार नव्हता. हे तिला ठाऊक होतं. पोरांना बापाबरोबर उन्हाळ्याचं एवढं एक काम करू द्यायचं, मग जायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तो कबूल झाला, पण घर रिकामं दिसलं पाहिजे म्हणाला. गडी बिराप्पानं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. घरातली माणसं परसदारानं वावरू लागली. हळू बोलू लागली. मल्लूला, धाकट्याला, तो खेळच वाटला.

दाणा दाबा. दूध आलं की त्याच दिवशी वाटा. उशीर केला तर आंबतो.

दूध आलं. शांताक्कानं वास घेतला आणि पुन्हा नुसतं पाणी बदललं.

चीक गाळा, निवळू द्या. आधणात मीठ, हिंग. चीक ओता आणि हलवत राहा. थांबलात की गुठळी.

दरसाल सोऱ्या दाबायला शेजारणी यायच्या. यंदा त्यांची घरं बंद होती. म्हणून महालिंगप्पा धोतराचा काचा मारून सकाळीच माळवदावर चढला. पोरांनी वाट्यांत ऊन ऊन चीक घेतला होता, वर गूळ. प्रेमा, थोरली, बापाचे हात बघत होती.

"अप्पा, ही कुरडई हाय का गोगलगाय?"

"गोगलगायच. तुझ्या अव्वाला दाखवू नको."

"दिसलं मला," शांताक्का म्हणाली. "तागडी धरल्यावानी सोऱ्या धरलाय."

"तागडीत तरी कधी वाकडं गेलं का माझं?"

"ते गिऱ्हाइकाला विचारा."

तो हसला. मोठ्यानं. मग सगळ्यांना कुलूप आठवलं आणि सगळे गप्प झाले. मल्लूला गप्प राहवेना, तो तोंडात सदरा कोंबून हसत राहिला.

पांढऱ्या धोतरावर घाला. कडक ऊन लागू द्या. आडोसा नको.

आडोसा नव्हता.

माळवदावरून वाट दिसत होती. वाटेवरून माळवद दिसत होतं. कुणाच्या मनात आलं नाही. या महिन्यात गावातली सगळी माळवदं पांढरी असायची, डोळ्यांना सवय होती. यंदा पांढरं माळवद एकच होतं.

परसदारी घोडी थांबली.

"सावकार," खालून कुणीतरी हाक मारली. "खाली कुलूप आन वर वाळवण. भुतं खातेत का कुरडया?"

शांताक्का कठड्याआड पोरांवर ओणवी झाली. मल्लूच्या तोंडावर तिचा हात होता. महालिंगप्पा पुटपुटला, "उठू नका." आणि खाली उतरला.

"एकलाच हाय मी. बायकापोरं गेली."

"एकल्याला एवढ्या कुरडया?"

"शौक हाय."

हात तरी धुऊ द्या, असं तो म्हणाल्याचं वर ऐकू आलं. धुऊ दिले नाहीत. घोडी गेली. मल्लूनं अव्वाचा हात चावला होता, तो तिला नंतर दिसला.

वाळू द्या. ओल राहिली तर

ओल्याच तिनं धोतरात गुंडाळल्या. अंधार पडायच्या आत बिराप्पानं गाडी काढली. उरलेलं ऊन सोलापुरात, परक्याच्या पत्र्यावर. तिथं प्रेमानं वाकड्या तेवढ्या वेचून डब्यात ठेवल्या.

"या अप्पा आल्यावर."

पावसाळा सरता सरता राज्य गेलं. गाड्या उलट दिशेनं निघाल्या. धरून नेलेल्यांतले काही घरी आले. मग एक दिवस बिराप्पा सास्तूरहून एकटाच आला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बसून राहिला. शांताक्कानं त्याला पाणी दिलं आणि चूल पेटवली.

तेल तापू द्या.

करडईचं तेल तापलं. तिनं डबा उघडला.

"अव्वा, त्या नको," प्रेमा म्हणाली. "साध्या तळ. त्या नको."

वाकड्या आधी पडल्या. फुलल्या. फुलल्यावर त्यांचा वाकडेपणा काही ओळखू येईना.

"आंबट हाय," मल्लू म्हणाला.

"खा."