दोन मिनिटं, सेव्ह होऊ दे

आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. मला जेवायला बोलवायचं असेल तर आई स्वयंपाकघरातून गुडघे सांभाळत येते आणि माझ्यासमोर उभी राहते. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले असले तर मान वर करीपर्यंत तशीच उभी. नवीन माणूस घाबरतोच. माझा नवरा घाबरायचा. तो आता माझा नवरा नाही, पण त्याचं कारण वेगळं, जाऊ दे.

पूर्वी असं नव्हतं हो. आमच्या आईचा, शेवंतीबाईंचा, आवाज आमच्या नाहूरच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटपर्यंत जायचा. "सुयोग, श्रुतिका, जेवूक येवा रे!" एका दमात दोन्ही नावं, माझ्या धाकट्या भावाचं आणि माझं. तिचं माहेर देवगडकडचं. मुंबईत जन्म गेला तरी मालवणी सुटली नाही, फक्त अर्धीमुर्धी मुंबईची झाली. सतरा वर्षांपूर्वी ती हाक बंद झाली. का झाली ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप्प होते. तेव्हा मला उगाच बिचारी वगैरे म्हणू नका.

या मार्चमध्ये घराला रंग द्यायला काढला, म्हणून माळा रिकामा केला. मागच्या बाजूला बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत सुयोगची बारावीची हॉल तिकिटं, एक चरे पडलेली सीडी आणि काडेपेटीएवढं काळं मेमरी कार्ड. त्याच्या प्लेस्टेशनचं. प्लेस्टेशन बाबांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. हा डबा कोणी लपवला? मीच लपवला असणार. मला आठवत नाही, पण दुसरं आहे कोण?

त्या दिवशीचं सांगून टाकते. मे महिना, दोन हजार आठ. सुयोगची बारावी झालेली, निकाल यायचा होता, त्यामुळे साहेब सकाळपासून टीव्हीला चिकटलेले. मी एकोणीस वर्षांची, आणि मला मालिकेचा दुपारचा रिपीट बघायचा होता. रिपीट! आदल्या रात्री बघितलेलाच एपिसोड. आई आतून ओरडली, "सुयोगा, दळाण घेवन ये रे, चक्की बंद होतली!" हा म्हणाला, "दोन मिनिटं गं, सेव्ह होऊ दे." त्या खेळात मनाला येईल तिथे सेव्ह करता यायचं नाही. गुहेतून चालत चालत दिव्यापर्यंत पोचायचं, दिवा लावायचा, तेव्हा तीन घंटा वाजायच्या आणि खेळ सेव्ह व्हायचा. त्याआधी बंद केलात तर गेलं सगळं पाण्यात. आईने पुन्हा हाक मारली. "दोन मिनिटं गं!" आणि मी उठले आणि भिंतीतला प्लग खेचून काढला.

तो ओरडलाही नाही. काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाळीस मिनिटं घालवलीस माझी, खेचरे. आलो की बघतो तुला." चपला घातल्या आणि गेला. चक्कीच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे येत होता.

मी दोन मिनिटं दिली असती तर टँकर निघून गेला असता. एवढंच आहे ते. सतरा वर्षं मी हे गणित उलटसुलट करून पाहिलंय, उत्तर बदलत नाही.

आणि याहून वाईट पुढे आहे. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना बाबा सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "तू परत हाक मारलंस नसतंस, तर आपलो झील आज जितो असतो." आईने मान खाली घातली. मी तिच्या शेजारी बसले होते, हातात द्रोण होता. तोंड उघडलं असतं तर झालं होतं. नाही उघडलं. त्या दिवसापासून आईने कोणाला हाक मारली नाही. चक्की पण बंद, घरात पिशवीतलं पीठ. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, तेच मनात धरून गेले.

तर ते कार्ड घेऊन मी सुबोधकडे गेले. सुबोध सुयोगचा वर्गमित्र, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशिनचे बोर्ड दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात जुने खेळ नव्या डब्यांवर चालवायचे धंदे करतो. गाळ्याच्या कोपऱ्यात एक जुनं प्लेस्टेशन ठेवलेलं. कार्ड हातात घेतल्यावर त्याचं थोबाड पडलं.

"सुयोगचं?"

"नाही, माझ्या आजोबांचं. अरे सुयोगचंच ना! चालेल का?"

"बघू ना ताई, ओरडता कशाला?"

मी सगळ्यांवरच ओरडते. मुलुंडच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, तिथे धडधाकट पुरुष सुई बघून रडतात, त्यांच्यावर पण ओरडते. सुबोधने कार्ड त्याच्या मशिनमध्ये घातलं, आतलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, सीडीची कॉपी काढली, आणि ते दोन्ही एका नवीन, तळहाताएवढ्या खेळण्यावर चढवलं. याला होमब्रू म्हणतात म्हणाला. कंपनीने सोडून दिलेल्या खेळांसाठी हौशी लोक घरी बसून सॉफ्टवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. मला बरं वाटलं ते ऐकून. कुठल्या कोण माणसांनी कुठे बसून काय लिहिलं, आणि माझ्या भावाचा खेळ सुरू झाला.

स्क्रीनवर एकच ओळ आली. सुयोग. एकेचाळीस तास. अकरा मे दोन हजार आठ, दुपारी बारा वाजून चार मिनिटं.

सुबोध डोळे पुसत बडबडत राहिला. "आणि ताई, आता दिव्यापर्यंत जायची गरजच नाही. हे बटण आहे ना, कुठेही दाबा, जिथल्या तिथे सेव्ह. एका सेकंदात."

एक सेकंद. मग असा राग आला म्हणून सांगू! "तेव्हा का नव्हतं रे हे बटण? तेव्हा काय झोपले होते का सगळे?" बिचारा सुबोध. त्याला वाटलं मी खेळाबद्दल बोलतेय. त्याने मला चहा पाजला आणि टीव्हीला जोडायची केबल पण दिली.

मी तेव्हाच ठरवलं. ते बटण दाबायचं नाही. त्याची गेलेली चाळीस मिनिटं मी त्याच्यासारखीच चालायची, दिव्यापर्यंत जायचं. आणि दिवा लागला की आईला सांगायचं. त्याआधी मागे फिरायचं नाही.

घरी आल्यावर टीव्हीला जोडलं. आईला सांगितलं, सुयोगचा खेळ आहे. ती लसणाची परडी घेऊन माझ्या मागे खुर्चीत येऊन बसली. त्याने खेळातल्या सगळ्यांना आमची नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत. तलवारवाला सुयोग. औषध देणारी म्हातारी आई.

"माका म्हातारी केल्यान?" आई म्हणाली.

"थांब गं. मी बघ कोण आहे."

ओझं वाहणारं खेचर. त्याचं नाव श्रुती. आई हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून. आणि मी बघितलं तर तलवारवाला सुयोग अर्धमेला, औषधवाल्या आईचं औषध संपत आलेलं, आणि खेचर मात्र ठणठणीत. सगळं चारापाणी त्याने खेचरालाच घातलं होतं. मला पुढे काही दिसेना, म्हणून मी नळ तपासायचं निमित्त करून आत गेले आणि रडून घेतलं.

त्याला जे चाळीस मिनिटांत जमलं त्याला मला अकरा दिवस लागले. रोज लॅबमधून यायचं, हातपाय धुवायचे, बसायचं. गुहेत वटवाघळं खायची, दरीत पडायचे, की परत बारा वाजून चार मिनिटं. आई मागून सूचना करायची. "त्या बाजूक जाव नको, काल थयच मेलंस." एकदा मी ऐन पुलावर असताना लॅबमधून फोन आला, आणि माझ्या तोंडून गेलं, "दोन मिनिटं थांबा हो!" मागे लसूण सोलायचा आवाज थांबला. आणि खरं सांगते, त्या अकरा दिवसांत मला वाटायला लागलं होतं की दिवा सापडूच नये. आई रोज संध्याकाळी माझ्या पाठीशी बसत होती. सतरा वर्षांत अशी बसली नव्हती.

अकराव्या दिवशी, शनिवारी, सापडला. कोपरा वळले आणि समोरच. खेचर मागून येतच होतं. मी दिव्यापाशी जाऊन बटण दाबलं. तीन घंटा वाजल्या.

"ह्याच," आई म्हणाली. "ह्याच वाजायचा. ह्या वाजला की तो उठायचो. मी आत कान देवनच असायची. घंटा वाजली की पान वाढायची."

मला माहीत नव्हतं हे. मला वाटायचं, आईला त्या खेळातलं काही कळत नाही.

"त्या दिवशी वाजूक नाय," ती म्हणाली. "मी परत ओरडलंय आणि तो तसोच उठलो. माझ्या बापड्यान सेव्ह पण केल्यान नाय. ती घंटा वाजेपर्यंत मी गप रवलंय असतंय, तर टँकर गेलो असतो. तुझे बाबा काय खोटा बोलत नव्हते."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. सतरा वर्षं रोज आतल्या आत म्हणत असल्यासारखी. दिवा लागला होता, आता पळायला जागा नव्हती.

"आई, तो तुझ्या हाकेने उठला नाही."

"म्हणजे?"

"मी प्लग काढला. मला मालिका बघायची होती. तो दोन मिनिटं म्हणत होता आणि मी प्लग काढला. म्हणून घंटा वाजली नाही. तू काही केलं नाहीस आई. मी केलं."

मला वाटलं आई मारेल. मारायला हवं होतं. परडी मांडीवरून घसरली, लसूण सगळीकडे झाला.

"तुझे बाबा बोलले तेव्हा तू थय होतंस."

"हो."

"माझ्या बाजूक बसलेलंस."

"हो."

"सतरा वर्सां, श्रुतिका," ती म्हणाली. "सतरा वर्सां तू बघीत रवलंस." आणि आत गेली. मी लसूण गोळा केला. एकेक पाकळी शोधून काढली, सोफ्याखालची पण. दुसरं करणार काय होते?

पुढचे आठ दिवस ती बोलली नाही. माझ्यासमोर येऊन उभीही राहिली नाही. ताट झाकून ठेवायची आणि गॅलरीत जाऊन बसायची. मी एकटी जेवायचे. मी खेळ लावला नाही. एकदा वाटलं, का बोललीस बाई, गप्प बसली असतीस तर निदान ती पाठीशी बसली तरी असती. मग स्वतःचीच लाज वाटली. मला ती माझ्या पाठीशी हवी होती, आणि त्यासाठी तिने ते ओझं वाहत राहावं, असंच ना? खेचर म्हणे मी.

रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर दाराला कुलूप. आई कुठे जात नाही. जिन्यात धावले, गेटपाशी गेले, तर ती गल्लीतून येत होती, हळूहळू, एका हाताने भिंतीचा आधार घेत. दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. चक्कीवरून. साडीवर सगळीकडे पीठ. मी डबा घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही. तिन्ही मजले स्वतःच चढली, मी मागून.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आतून तवा टाकल्याचा आवाज आला. मग तांदळाच्या पिठाचा, गरम भाकरीचा वास. आमच्या घरात तो वास सतरा वर्षांत नव्हता.

आणि मग आवाज आला. इतका मोठा की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

"सुयोग, श्रुतिका, जेवूक येवा रे!"

एका दमात. सवयीने. मग आत एकदम सगळं शांत झालं. तिलाही कळलं असणार, आपण काय बोललो. मी वाट पाहिली. वेड्यासारखी, अगदी खरोखर वाट पाहिली, की बाजूने कोणीतरी म्हणेल, दोन मिनिटं गं.

मग मी म्हटलं, "आले."

आत दोनच पानं होती. ती तव्याकडे तोंड करून बसली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. मी पाटावर बसले. तिने भाकरी माझ्या पानात टाकली.

"तुका मी माफ करूक नाय हां," ती म्हणाली.

"माहितीये."

"जेव. भाकरी थंड होता."