भिंतीची काजळी

पाहुणा यायचा म्हटलं की घर आवरतात, एवढं शहाणपण आम्हा वस्तीवाल्यांनाही आहे. आमचे हे दुसऱ्यांचे बंगले रंगवतात. आमच्या खोलीचं अर्धं राहिलेलं चित्र पुरं करायला आर्किटेक्ट बाई पुन्हा येणार म्हणाल्या, तसा यांनी कामावरचा उरलेला रंग मागून आणला आणि स्टोव्हमागची काळी भिंत पिवळीधमक केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वतःच्या घराला यांचा ब्रश पहिल्यांदाच लागला. "बाई वस्तीवर पुस्तक काढतायत. लोकांना दिसू दे, रंगाऱ्याचं घर आहे," म्हणाले आणि कामावर गेले.

बाई आल्या आणि दारातच त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हे काय केलंत?"

मला वाटलं, कौतुकच करतायत. "यांनी केलं," मी म्हणाले.

"छान आहे हो. पण माझं चित्र जुन्या भिंतीचं आहे. ती काजळी, त्यातच तर सगळं होतं." मग हळूच म्हणाल्या, "तेवढ्या कोपऱ्यात पुन्हा तसं करता येईल का? हे लोकांपुढे गेलं तर तुमच्या वस्तीचंच भलं होईल."

बाई वाईट नव्हत्या. लेकीला वह्या आणायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायच्या. आणि मला मेलीला नाही म्हणायला कधी जमलंय? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पातेल्याच्या बुडाची काजळी मी हातांवर घेतली आणि भिंतीला फासली. रंग पुरता वाळला नव्हता, काजळी झटकन बसली.

"अजून थोडं वर," बाई म्हणाल्या.

मी वर फासली.

तेवढ्यात हे जेवायला आले. भिंत बघून म्हणाले, "पोरीनं केलं का गं?"

"मीच केलं."

यांनी बाईंकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले. भांडले असते तर बरं झालं असतं. पण हे गुपचूप फडकं ओलं करून भिंतीकडे गेले.

"दादा, जरा थांबता का? थोडंच राहिलंय," बाई म्हणाल्या.

आणि हे थांबले. स्वतःच्या घरात, हातात ठिबकणारं फडकं घेऊन, बाईंचं चित्र पुरं होईपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड झाकून घ्यावं म्हटलं, तर दोन्ही हात काळे.