तांबडा तारा आणि सादिमानचा डोळा

रुबिकेम बियाण्याच्या कणगीवर ठाण मांडून बसली होती. समोर सादिमान म्हातारा रिकामी टोपली घेऊन उभा. नवराबायकोचं भांडण सकाळपासून चाललेलं, आणि माझं घर लगतच, त्यामुळे मला मुद्दाम कान द्यावा लागला नाही.

"गेल्या साली मुंग्यास्नी जेवू घातलंत," ती म्हणाली. "औंदा बी घालायचं का?"

आमच्या गुनुंग किदुलच्या चुनखडीच्या डोंगरात भात पावसाआधी, कोरड्या धुळीत पेरावं लागतं. फार लवकर पेरलं तर मुंग्या आणि पाखरं बी खाऊन टाकतात. उशीर झाला आणि पाऊस कोसळला, तर तांबडी माती पायाला अशी धरते की पेरणी विसरायची. दिवस सांगायचा तो सादिमाननं, साऱ्या गावाच्या म्बाहनं, म्हणजे आजोबानं. पहाटे आकाशातला नांगर, म्हणजे नांगराच्या आकाराचा ताऱ्यांचा पुंजका, कुठवर आलाय ते बघून तो सांगे, आणि गाव पेरी. गेल्या साली त्यानं सांगितल्यावर पाऊस अठरा दिवसांनी आला. तरी गावानं त्याला शिव्या दिल्या नाहीत. म्हाताऱ्याचा डोळाच अधू, तो तरी काय करणार, असं म्हणून सगळ्यांनी भाताऐवजी कसावाच्या कंदाच्या पिठाचा तिवुल खाऊन दिवस काढले.

डोळ्याची गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. त्या पावसाळ्यात ढग फाटले की सादिमान सांगत सुटे, नांगराशेजारचा तांबडा तारा मंदावलाय. दुसऱ्या कुणाला काही फरक दिसेना. शेवटी रुबिकेमनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं थेंब दिले, आणि दोन-तीन महिन्यांत तारा पूर्ववत दिसायला लागला. डॉक्टरचं नाव झालं, म्हाताऱ्याच्या डोळ्याचं गेलं.

औंदा त्यानं गुरुवार लेगीचा दिवस काढला होता, म्हणजे गुरुवार आणि आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला लेगी एकत्र येतात तो. गावाचा नवा लुराह, म्हणजे सरपंच, पुर्वांतो याला हे आकाश बघणं पसंत नव्हतं. त्यानं शहरातून हेस्तीबाईंना बोलावलं. त्यांचा फुगवायचा काळा तंबू होता, आत भरदुपारी तारे दिसत. खरं विज्ञान कानावर पडलं की लोक म्हाताऱ्याला सोडून पावसाच्या अंदाजाच्या सरकारी कागदाची वाट बघतील, असा लुराहचा हिशेब. सगळं गाव तंबूत दाटीवाटीनं बसलं. रुबिकेमही आली, कणगीच्या खोलीला कुलूप लावून.

बाई छान बोलत होत्या. तांबडा तारा म्हातारा झालाय, म्हणाल्या. मध्यंतरी त्यानं पोटातला वायू बाहेर टाकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती ताऱ्याच्या तोंडावर आली, म्हणून तो मंद दिसला. त्याच्याभोवती फिरणारा एक लहानसा जोडीदारही आता कुठं सापडलाय. यावर बायका बऱ्याच हसल्या.

सादिमान उठून उभा राहिला. "बाई, त्यो मंदावला कंदी?"

"सहा वर्षांमागं, आजोबा. डिसेंबरात उतरायला लागला, फेब्रुवारीत सगळ्यात मंद. एप्रिलपर्यंत पुन्हा उजळला."

"म्हंजी माझा डोळा चांगला व्हता," सादिमान म्हणाला.

बाईंना काही कळेना. लुराहनं नाइलाजानं सगळं सांगितलं, तशा त्या हरखल्या. मोठमोठ्या दुर्बिणी ज्याच्यामागं लागल्या होत्या ते या आजोबांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलं, म्हणाल्या. सगळ्या तंबूनं टाळ्या वाजवल्या. मला खरंच भरून आलं.

मग वागिमिन उठला. गेल्या साली त्याचं एकूण एक बी मुंग्यांनी नेलं होतं. "डोळा चांगला व्हता म्हनता, म्बाह. मग आमचं बी कशानं गेलं?"

टाळ्या थांबल्या. आजवर म्हाताऱ्याची चूक आम्ही त्याच्या डोळ्यावर टाकत होतो. आता तिला ठेवायला जागाच उरली नाही.

सादिमान बाईंकडे वळला. "त्यो तारा मरनार कंदी?"

"आज फुटेल, नाहीतर लाखभर वर्षांनी. कदाचित फुटलाही असेल. त्याचा उजेड इथं पोचायलाच पाचशेहून जास्त वर्षं लागतात."

"आन् असं बोललात तरी तुमास्नी कुनी दवाखान्यात न्हेत न्हाई?"

बाई हसल्या. "जेवढं ठाऊक तेवढंच सांगायचं, आजोबा."

म्हाताऱ्याला हे फार पटलं. तंबूच्या तोंडाशी जाऊन त्यानं गावाला सांगितलं, "पेरनी गुरुवारीच. नांगर पेरायचं सांगतो, पावसाचं न्हाई. पाऊस चार दिसांनी यील, न्हाईतर म्हैन्यानं. मला ठावं न्हाई."

चाळीस वर्षांत हे शब्द आम्ही त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. गाव हादरलं. दुसऱ्या दिवशी लुराहचा कागदही आला, त्यात पाऊस महिनाअखेरीस, बदल संभवतो, असं लिहिलेलं. मग गुरुवारी प्रत्येकानं अर्धं बी पेरलं आणि अर्धं झाकून ठेवलं. मीही तेच केलं.

रुबिकेमनं मात्र कुलूप काढून सगळं बी नवऱ्याच्या टोपलीत ओतलं. मी कुंपणावरून विचारलं तर म्हणाली, "ठावं न्हाई म्हनाला न्हवं? मग बाकीचं खरं असनार."

पाऊस चौथ्या दिवशी आला आणि तीन दिवस थांबला नाही. अर्धं बी घरात आणि पाय चिखलात, अशी आमची गत झाली. पंधरवड्यानं बघितलं तर भरगच्च हिरवं शेत एकट्या सादिमानचं.

सगळे तणतणत त्याच्या बांधावर गेले. वागिमिन पुढं झाला.

"म्बाह, पुढल्या साली त्या बाईवानी बोलू नगा. चुकलात तरी चालंल, पन पाऊस कंदी ते छातीठोक सांगा."

सादिमान खाली वाकून तण उपटत राहिला. आणि मी, त्याच्याच शेजारी राहणारा, वागिमिनच्या मागं उभा राहून मान डोलवत होतो.